दीर्घिकेच्या आड आलेला दिवा

दुर्बीण घरात आली त्या संध्याकाळी हिने एकच प्रश्न विचारला, "आता ही पुसायची कोणी?"

"दुर्बीण पुसत नाहीत," मी म्हणालो. "तिच्यातून बघतात."

"आणि बघून झाल्यावर?"

विज्ञानाला बरेच प्रश्न अजून सुटायचे आहेत, त्यातला हा एक. चष्मेवाल्याच्या दुकानात ती दुर्बीण कपाटावर पडून होती आणि मी चष्म्याचा नंबर तपासायला गेलो होतो. चष्मा घेऊन यायचा तो दुर्बीण घेऊन आलो. म्हणजे हातातलं वर्तमानपत्र मला अजूनही नीट वाचता येत नव्हतं, पण शनीची कडी दिसणार होती. आयुष्यात कशाला महत्त्व द्यायचं हे माणसाला कधीतरी ठरवावंच लागतं.

एवढ्यावर प्रकरण मिटलंही असतं. मी गच्चीवर जाऊन चंद्र बघितला असता, हिने जेवायला हाक मारली असती आणि महिन्याभरात दुर्बिणीवर टॉवेल वाळायला लागले असते. पण त्या रविवारी आम्ही हिच्या ताईकडे जेवायला गेलो आणि तिथे माझे साडू होते. त्यांचंच घर, असणारच म्हणा. पण ते जिथे असतात तिथे जरा जास्तच असतात.

साडूंनी जगातली प्रत्येक गोष्ट आपल्या आधी केलेली असते. आपल्याला ताप आला म्हणावं, तर त्यांना त्याहून मोठा येऊन गेलेला असतो. मी दुर्बिणीचा विषय काढला मात्र, ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "काय बघता? देवयानी दीर्घिका? आम्ही पाहिली मागच्या सुट्टीत. रिसॉर्टवाले दाखवतात. पॅकेजमध्येच असतं."

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा गोतावळा. आपली आकाशगंगा ही एक, देवयानी ही दुसरी. अशी एक अख्खी दीर्घिका या गृहस्थांनी नाश्ता आणि स्विमिंग पूल यांच्या मध्ये बसवली होती. माझं डोकंच फिरलं.

"देवयानी काय हो, ती कोणीही बघतं," मी म्हणालो. "मी तिच्या शेजारची बघतो. त्रिकोण तारकासमूहाच्या टोकाजवळची. सर्पिल आहे, सुंदर आहे, पण फार अंधुक. तिला नजर लागते."

हे सगळं मी आदल्या रात्री पुस्तकात वाचलं होतं. बघितलं काहीच नव्हतं.

"अरे वा! मग दाखवा की आम्हालाही," साडू म्हणाले.

"या की! येत्या शनिवारी या. अमावास्या आहे, आकाश काळं कुळकुळीत असेल."

टेबलाखालून हिने माझा पाय दाबला, पण शब्द बाहेर पडून गेला होता. ताई भाजी वाढता वाढता थांबली. "नक्की दिसेल ना रे? मागे ग्रहण दाखवतो म्हणून आम्हाला बोलावलं होतंस."

"ग्रहण झालं होतं," मी म्हणालो.

"दुसऱ्या दिवशी," साडू म्हणाले.

घरी परतल्यावर ही दारात चप्पल काढताना म्हणाली, "परत एकदा ताईसमोर माझं नाक कापलं गेलं ना, तर ती दुर्बीण मी भंगारवाल्याला देईन. आणि तुम्ही मध्ये आलात तर तुम्हालाही." ही बोलते ते करते. माझा जुना टेपरेकॉर्डर त्याच वाटेने गेलेला आहे.

त्याच रात्री मी दुर्बीण गच्चीवर नेली. तिच्या तिवईचा एक पाय आखूड आहे, त्याखाली विटेचा तुकडा ठेवला. त्रिकोण सापडला. त्याच्या टोकाजवळ दुर्बीण लावली, श्वास रोखला आणि बघितलं. काय दिसावं? नुसता पिवळट उजेड. डोळा काढून मागे बघतो तर आमचा खांब.

आता खांबाबद्दल सांगायला हवं. आमच्या इमारतीच्या कुंपणाला लागून दिवाबत्ती खात्याचा एक उंच खांब आहे. त्याच्यावरचा दिवा बरोबर आमच्या गच्चीच्या कठड्याला डोकं लावून जळतो. म्हणजे सत्तावीस लाख वर्षं प्रवास करून आलेला त्या दीर्घिकेचा प्रकाश शेवटच्या चार हातांत आमच्या दिव्यात बुडत होता. बरं, दुसऱ्या कुणाला शिव्या घालाव्यात तर तीही सोय नाही. कारण दिवाबत्ती खात्यात तक्रारी लिहून घेण्याच्या टेबलावर मीच बसतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मी साहेबांसमोर उभा राहिलो. "साहेब, आमच्या इथला दिवा आहे ना, तो रात्री चालू राहतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "दिवसा?"

"नाही, रात्री."

"रात्री चालू राहतो?"

"रोज."

साहेब टेबलावरून पुढे वाकले. मग म्हणाले, "दिवा लागत नाही ही तक्रार आहे. दिवा फडफडतो ही तक्रार आहे. खांब वाकलाय, हीसुद्धा तक्रार आहे. दिवा रात्री चालू राहतो याला तक्रार म्हणत नाहीत हो. याला खात्याची कामगिरी म्हणतात. तब्येत बरी आहे ना? बसा जरा, पंखा लावा."

"फक्त शनिवारी एक तासभर बंद केला तर?"

"कशासाठी?"

मी सांगितलं. दीर्घिका हा शब्द ऐकल्यावर त्यांनी स्वतःच उठून पंखा लावला.

मला मार्ग दाखवला तो आमच्या वायरमनने. चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "साहेब, तुम्ही इतकी वर्षं खात्यात आहात आणि अजून भोळेच राहिलात. दिवा घालवायचाय ना? मग दुरुस्तीला टाका. आपण दुरुस्त केलेला दिवा त्याच रात्री लागलेला कधी पाहिलाय?"

खरंच, मी पाहिला नव्हता. एकदा दुरुस्ती निघाली की वायर कमी पडते, मग वायर येते पण शिडी दुसऱ्या भागात असते, मग शिडी येते तेव्हा वायरमन सुट्टीवर असतो. तोवर आठवडा सहज जातो. मला तर एकच शनिवार हवा होता.

"पण दिवा तर चालू आहे," मी म्हणालो. "पाहणी करायला येतील तेव्हा कळेलच की."

वायरमन नुसता हसला. आणि माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. आमच्या खात्यात तक्रार आली की खरंखोटं करायला पाहणी होते. पाहणी ऑफिसच्या वेळेत होते. ऑफिस असतं दिवसा. दिवसा दिवा बंदच असतो. त्यामुळे आजवर पाहणीत एकही तक्रार खोटी ठरलेली नाही.

मी टेबलावर परत आलो आणि स्वतःच्या हाताने तक्रार लिहिली: दिवा लागत नाही. तक्रारदार: एक त्रस्त नागरिक. यात खोटं काहीच नव्हतं. मी नागरिक होतो आणि त्रस्त तर होतोच होतो.

पाहणी झाली. दिवा बंद आढळला. मी घरी शीळ घालत आलो. हिला म्हणालो, "ताईला सांग, शनिवारी नक्की या."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. शुक्रवारी संध्याकाळी घरी परततो तर आमच्या रस्त्यावर दुपारचे दोन वाजल्यासारखा उजेड. खांबाखाली ही गर्दी! झालं होतं असं, की 'त्रस्त' हा शब्द साहेबांच्या मनाला लागला होता. तो तक्रारीत कुणी सहसा लिहीत नाही. साहेबांना वाटलं, हा कोणी वर ओळख असलेला माणूस दिसतोय. त्यांनी मैदानासाठी मागवलेला पांढराशुभ्र मोठा दिवा आमच्या खांबावर चढवला. वायर होती, शिडी होती, वायरमनही हजर होता. खात्याच्या इतिहासात पहिल्यांदा सगळं एका दिवशी जुळून आलं, ते नेमकं माझ्या मुळावर.

तळमजल्यावरचे निवृत्त गुरुजी खांबाखालच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसले होते. ते रोज रात्री तिथेच वाचतात, घरातली वीज जळायला नको म्हणून. मला बघताच उठून उभे राहिले. "या, या! आजवर मी म्हणायचो, हा दिवाबत्तीत आहे आणि याच्या दारात मिणमिणता दिवा. दिव्याखाली अंधार! आज शब्द मागे घेतो. छोट्या जाहिरातीसुद्धा दिसतायत हो!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी खिडकीतून हात जोडले. याच बाईंनी दोन दिवसांपूर्वी माझी दुर्बीण बघून पडदे ओढले होते आणि हिला जिन्यात गाठून "तुमच्या ह्यांना बरं आहे ना?" असं विचारलं होतं. आता मला बरं नव्हतं, तर त्या हात जोडत होत्या. मी हसून सगळ्यांचे आभार मानले. दुसरं करणार काय?

शनिवार उजाडला. साडू आले ते नवा जाड मफलर घालून, सोबत ताई. जिना चढताना साडू म्हणाले, "काय हो, खाली मॅच आहे का कुठली?"

गच्चीवर पाय ठेवला तर फरशीच्या भेगा मोजता येत होत्या. आकाशात एक तारा दिसत होता, तोही नंतर विमान निघाला. साडूंनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढून कठडा पुसला आणि आरामात टेकून उभे राहिले. नाटकाला पहिल्या रांगेचं तिकीट मिळालेला माणूस असा उभा राहतो.

"आमच्या रिसॉर्टवर काय अंधार होता," ते म्हणाले. "स्वतःचा हात दिसत नव्हता."

मी छत्री उघडून दिव्याच्या बाजूला धरली. दिवा छत्रीतून आरपार आला. डोक्यावरून टॉवेल घेऊन दुर्बिणीत बघितलं, तर टॉवेलातून स्वतःचीच बोटं दिसली. ताई हळूच म्हणाली, "अगं, थंडी वाजेल त्याला. राहू दे. आपण खाली गप्पा मारू." तिच्या आवाजात दया होती. हिने माझ्याकडे बघितलं. मला भंगारवाल्याची हाक ऐकू यायला लागली.

मग ही खाली गेली आणि वर आली ती हातात पलंगपोस घेऊन. मी गारच पडलो. हा गडद निळा, जाडजूड पलंगपोस हिच्या आईने दिलेला. लग्नापासून तो कपाटात आहे, 'पाहुण्यांसाठी'. आमच्याकडे पाहुणे पुष्कळ येतात, पण पलंगपोसाच्या योग्यतेचा पाहुणा अजून आलेला नाही. खुद्द साडू मुक्कामाला होते तेव्हासुद्धा तो निघाला नव्हता.

"बांधा," ही म्हणाली.

"अगं, पण..."

"बांधा म्हणते ना! ताई उभी आहे."

मी एक टोक कपडे वाळत घालायच्या तारेला बांधलं आणि दुसरं पाण्याच्या टाकीच्या पाइपाला. चांगला आडोसा झाला. गाठ पक्की आहे का म्हणून साडूंनी पुढे होऊन ती ओढून बघितली. "अशी नाही मारायची गाठ. आम्ही ट्रेकिंगला..." एवढं त्यांचं होतंय तोच वारा आला. गाठ सुटली. पलंगपोस फुगला, उठला, साडूंच्या टकलावरून सरपटत कठड्यापलीकडे गेला आणि खांबाच्या डोक्यावर असा काही बसला, की मापाने शिवला असता तरी इतका बसला नसता.

मिट्ट काळोख झाला.

"माझा पलंगपोस!" ही ओरडली. "अहो, जळेल तो!"

"जळत नाही. नव्या दिव्याला आच नसते." हे मी म्हणालो खरं, पण मान वर करून. कारण वर आकाश आलं होतं. इतके तारे आमच्या इमारतीवर असतात हे मला ठाऊकच नव्हतं. मी धावत जाऊन दुर्बीण लावली. त्रिकोण, त्याचं टोक, तिथून थोडं बाजूला. डोळे फाडफाडून बघितलं. काहीच नाही. नुसतं काळं.

तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. शनिवार-रविवारी तक्रारींचा फोन आमच्यापैकी एकाच्या मोबाईलवर वळवलेला असतो आणि तो आठवडा माझा होता. "दिवा गेलाय!" समोरच्या इमारतीतल्या बाई होत्या. त्यांचा आवाज मला फोनमधूनही येत होता आणि खिडकीतूनही. मी आवाज बदलून तक्रार घेतली. फोन ठेवतो तो दुसरा आला.

"बघू, सरका," म्हणत साडू पुढे झाले. एक डोळा मिटून ते थेट, रोखून बघायला लागले. "हां! दिसली. स्पष्ट दिसतेय."

मला दिसली नाही ती यांना दिसली?

"कशी आहे हो, भावोजी?" हिने विचारलं.

"अप्रतिम. मध्ये लालभडक, बाजूने जांभळ्या झालरी. रिसॉर्टवाल्यांच्यापेक्षा जरा लहान आहे."

आता पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं, की इतक्या अंधुक दीर्घिकेला दुर्बिणीतून रंग म्हणून दिसत नाही, दिसतो तो राखाडी धूर. पण पाहुण्याला खोटं कसं पाडायचं? मी तिसरा फोन घेतला.

मग ही डोळ्याला दुर्बीण लावून उभी राहिली. उभी राहिली खरी, पण सगळा जीव पलंगपोसात. डोळा भिंगाला आणि लक्ष खांबाकडे. स्वयंपाकघरातही तिचं असंच असतं. बोलते आपल्याशी, पाठ गॅसकडे असते, आणि दूध उतू जायच्या आत तिचा हात पोचतो.

"अहो," ती म्हणाली. "इथे कडेला काहीतरी पुसट आहे."

"कुठे?"

"सरळ बघितलं की जातं. खांबाकडे बघायला लागले की येतं. कापूस पिंजून गोल फिरवल्यासारखं. एक शेपूट इकडे वळलंय... आणि एक तिकडे." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "किती नाजूक आहे हो!"

"रंग कुठला गं?" ताईने विचारलं.

"रंग कसला? राखाडी."

ताई नवऱ्याकडे वळली. "आणि जांभळ्या झालरी?"

साडूंना नेमका तेव्हाच खोकला आला. ताईला हसू आवरेना. ती कठड्याला धरून हसली, इतकी की ग्रहणाचं उट्टं तिथेच फिटलं. हिचं नाक वाचलं, दुर्बीण वाचली, सगळं झालं. फक्त मला अजून दीर्घिका दिसली नव्हती. मी परत डोळा लावला. एकटक बघितलं, पाणी येईपर्यंत बघितलं. काळं ते काळंच.

आणि जिन्यात टॉर्च दिसला. गुरुजी!

"कोण आहे वर?" वर्तमानपत्राची सुरळी हातात घेऊन ते थेट माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "अग्रलेख अर्धा राहिला माझा! दिवाबत्तीवाले, दिवा कोणी घालवला?"

चोराच्या मनात चांदणं. मी दुर्बिणीला डोळा तसाच चिकटवून ठेवला. वर बघायची हिंमतच नव्हती. "तक्रार नोंदवून घेतली आहे, गुरुजी," मी म्हणालो.

"खांबावर ते काय लटकतंय?"

"पाहणी होईल," मी म्हणालो, आणि गुरुजी माझ्याकडे कसे बघतायत ते भिंगाला लावलेला डोळा तसूभरही न हलवता कोपऱ्यातून बघायचा प्रयत्न केला. आणि त्या कोपऱ्यात ती आली. काळ्यात काळं नसलेलं काहीतरी. फुंकर मारली तर विरेल असं, पण होतं. हळूच वळलेलं. मी नजर तिच्याकडे वळवली की जायची, नजर चुकवली की यायची.

"दिसली!" मी ओरडलो. "गुरुजी, दिसली!"

"काय दिसली?"

मी त्यांच्या हातातली सुरळी काढून घेतली आणि त्यांना दुर्बिणीसमोर उभं केलं. "समोर बघू नका. समोर बघायचं आणि लक्ष कडेला ठेवायचं."

"मला शिकवतोस?" गुरुजी म्हणाले. "सगळा जन्म परीक्षेला पहारा दिलाय. समोर पेपर वाचतोय असं दाखवून शेवटच्या बाकावरची कॉपी पकडली आहे." ते वाकले. फोन वाजत होता, पण मी घेतला नाही. बऱ्याच वेळाने गुरुजी त्याच पवित्र्यात, अगदी हळू म्हणाले, "पोरांना वर्गात इतकी वर्षं फळ्यावर काढून दाखवली रे मी ही. कधी बघितली नव्हती."

नंतर ते अग्रलेखाबद्दल काही बोलले नाहीत.

सोमवारी पाहणी झाली, दिवसा, आणि दिवा बंद आढळला. मंगळवारी वायरमन शिडी घेऊन निघाला तेव्हा मी टेबलावरच होतो. पलंगपोस निघणार, साहेबांना कळणार, आणि तो त्रस्त नागरिक कोण हेही कळणार.

दुपारी वायरमन परत आला. शिडी भिंतीला लावून म्हणाला, "लिहा साहेब. दिवा उत्तम लागतो."

"काय?"

"वहिनी गॅलरीत होत्या. म्हणाल्या, आमच्याकडे दिवा अगदी झकास लागतो, तक्रार कुणी केली? वर निळं काय आहे विचारलं, तर म्हणाल्या, कव्हर आहे, ऊन लागू नये म्हणून. खालचे गुरुजीपण म्हणाले, लख्ख उजेड पडतो, मी स्वतः वाचतो. दोघांचं एक म्हणणं, मग मी कशाला चढू?"

मी लिहिलं. चालू दिव्याला 'लागत नाही' म्हणून लिहिणारा हात तोच, टेबल तेच. तक्रार निकाली.

संध्याकाळी घरी आलो तर गुरुजी बाकावर नव्हते, गच्चीत खुर्ची टाकून बसले होते. ही दुर्बीण पुसत होती. मऊ कापडाने, एका बाजूने, हळूहळू.

"अगं, पण पलंगपोस?" मी म्हणालो. "आईंनी दिलेला. पाहुण्यांसाठी ठेवलेला."

"मग?" दुर्बिणीवर फुंकर मारत ही म्हणाली. "इतक्या लांबून दुसरं कोण आलंय आपल्याकडे?"